शिवाजी पार्कचे तीन समुद्र

मुंबईला समुद्र आहे, याची आठवण मुंबईकरांना बाहेरगावच्या पाहुण्यांनी करून द्यावी लागते. आम्ही घाटावरची माणसे. कृष्णा-वेण्णेच्या संगमापलीकडे पाणी असते ते धरणातच, अशी आमची समजूत. त्यामुळे मुंबईस उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभे राहिल्याखेरीज आम्हांला मुंबईस आल्यासारखे वाटत नाही. यजमान मंडळी मात्र घरातूनच सांगतात, "जा, जाऊन या तुम्ही. तो काय, रोजच असतो तिथे!"

यंदाच्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांच्या कामासाठी मुंबईस बारा दिवस राहण्याचा योग आला. मुक्काम नेहमीप्रमाणे शिवाजी पार्कला, आतेभावाकडे. आतेभाऊ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वहिनी, अण्णा, मुलगा, सून आणि पाचवीत गेलेली नात असे त्यांचे भरले घर आहे. मुंबईत बारा दिवसांचा पाहुणा म्हणजे किती मोठे संकट, याची मला जाणीव आहे. पण या घरात पाहुण्याला जागा करून देण्याची रीत जुनी आहे. माझ्या आधी सहा दिवस तिथे आणखी दोन पाहुणे येऊन राहिले होते. त्यांची हकिकत सांगायची आहे. पण आधी जागेची ओळख करून देतो.

शिवाजी पार्क हे नाव उच्चारले की लोकांना क्रिकेट आठवते, सभा आठवतात, दसऱ्याचे मेळावे आठवतात. मूळचे हे माहीम पार्क. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला महाराजांचे नाव मिळाले. मैदानाभोवती जो बुटका कट्टा आहे, तो माझ्या मते मुंबईतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त सार्वजनिक बांधकाम असावे. सकाळी त्यावर रक्तदाबाची चर्चा चालते, दुपारी परीक्षा संपलेली पोरे पाय हलवीत बसतात आणि संध्याकाळी, ज्यांना घरात दोन शब्द निवांत बोलता येत नाहीत अशी तरुण जोडपी येतात. मैदानाच्या कडेने गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या असलेल्या जुन्या तीनमजली इमारती आहेत. अशाच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अण्णांचे बिऱ्हाड आहे. तेथून पश्चिमेला पाच मिनिटे चालले की चैत्यभूमी, आणि तिच्या पायथ्याशी अरबी समुद्र. हा झाला शिवाजी पार्कचा पहिला समुद्र.

दुसरा समुद्र अण्णांच्या दिवाणखान्यात आहे. पाच फूट लांब, सुमारे चारशे लिटर पाण्याचा. घरात मासे पाळणे ही मध्यमवर्गात काही नवलाची गोष्ट नाही. सोनेरी मासा काचेच्या गोल भांड्यात ठेवून तो आठ दिवसांत मारण्याचा प्रयोग आपल्यापैकी पुष्कळ घरांत होऊन गेला आहे. परंतु ते गोड्या पाण्याचे प्रकरण. खाऱ्या पाण्यातले मासे मी प्रथम पाहिले ते शाळेच्या सहलीत, चर्नी रोडला, १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. तेव्हा काचेला नाक लावून उभ्या असलेल्या आम्हां पोरांना असे वाटले होते की हे असले रंग फक्त सरकारलाच परवडतात. अण्णांनी ते घरात आणले.

गंमत अशी की, पाच मिनिटांवर अख्खा अरबी समुद्र पडलेला असताना अण्णा त्यातले एक तांब्याभरही पाणी घेत नाहीत. "अरे, त्यात या शहराने काय काय सोडले आहे, ते मोजायला गेलास तर तुझे एम.ए. पुरायचे नाही," असे ते म्हणतात. त्यांचा समुद्र नळाचा आहे. भातसा, तानसा, वैतरणेवरून शंभर किलोमीटर वाहत आलेले गोडे पाणी घ्यायचे, गाळणीच्या यंत्रातून काढून त्यातले क्लोरीन आणि क्षार वेगळे करायचे, आणि मग त्यात विकतचे समुद्री मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मिसळायचे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत साधे मीठ मुख्य, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, गंधकाचे क्षार अशी इतर मंडळीही असतात आणि माशांना ती सगळी लागतात. मीठ मिसळण्याच्या दिवशी अण्णा जानवे सावरून बालदीसमोर बसतात, तेव्हा वहिनी म्हणतात, "बसले अगस्ती! फरक एवढाच की त्यांनी समुद्र पिऊन टाकला, हे करून ठेवतात."

या समुद्रात खडक आहेत, पण जिवंत पोवळी नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणाखाली २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडेही आले. तेव्हा ते घरी ठेवणे अण्णांच्या बँकेतल्या प्रकृतीस मानवणारे नाही. आहेत ते सात मासे. त्यांतली मुख्य म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी. शास्त्रात यांना क्लाउनफिश म्हणतात आणि मुले त्यांना निमो म्हणतात. ही जोडी २०१४ साली, नातीच्या जन्माच्या वर्षी घरात आली. त्यामुळे नात त्यांना आपल्या बरोबरीची मानते आणि वाढदिवसाला त्यांच्यापुढे आधी औक्षणाचे ताम्हन नेते. या जातीत जन्मतः सगळे नर असतात; घोळक्यातला सर्वांत थोर जो असेल तो पुढे मादी होतो आणि मग सगळ्यांवर हुकमत गाजवतो, असे अण्णांनी मला सांगितले. वहिनी आतून म्हणाल्या, "त्यात शास्त्र कसले? कोणत्याही घरात येऊन पाहा."

आता तिसरा समुद्र. मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, एका लाकडी घडवंचीवर अडीच फुटांची एक काचेची टाकी होती. तिच्यात वाळू नाही, खडक नाही, शोभेचे काही नाही. तळ उघडा. पाण्यात नळकामाच्या दुकानातून आणलेले पांढऱ्या पाइपचे चार तुकडे पडलेले. एका कोपऱ्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एक काळा स्पंज. वर घट्ट झाकण. दिवाणखान्यातल्या समुद्रापुढे हा म्हणजे राजवाड्यामागची चाळ! आणि या चाळीत राहत होते माझ्याआधी आलेले ते दोन पाहुणे: गडद निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा एक सर्जनमासा आणि काळ्या-पिवळ्या रेघांचा एक फुलपाखरू मासा. दोघेही दोन-अडीच इंचांचे.

"यांना इथे अडगळीत का ठेवलेत?" मी विचारले.

"अडगळीत नाही, क्वारंटाईनमध्ये," नात म्हणाली. "बेचाळीस दिवस. आणि तोपर्यंत नावसुद्धा ठेवायचे नाही, असे आजोबांनी सांगितले आहे."

"बारसे बाराव्या दिवशी असते," मी म्हणालो.

"ते माणसांचे," अण्णा म्हणाले. "आणि माणसांतसुद्धा बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडू देत नसत, ते विसरलास वाटते."

या गॅलरीचे शास्त्र मी बारा दिवसांत जे शिकलो ते असे. तिथली जाळी वेगळी, बालदी वेगळी, पाणी काढायची नळी वेगळी. सगळ्यांना लाल चिकटपट्टी. लाल पट्टीची वस्तू दिवाणखान्यात जायची नाही. आधी मोठ्या समुद्रातल्या माशांना खाऊ घालायचे, मग गॅलरीत जायचे, आणि तेथून परत आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे पाठ. "लाल बालदीला हात लावला की आजोबा सत्यनारायणाच्या पूजेत विघ्न आल्यासारखे ओरडतात," असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले. टाकीचा तळ उघडा का, तर विष्ठा दिसते, उरलेले अन्न दिसते आणि औषध घालावे लागले तर वाळू-खडक ते शोषून घेत नाहीत. पाइपचे तुकडे कशासाठी, तर भ्यालेल्या जिवाला लपायला आडोसा हवा. स्पंज महिनाभर आधी मोठ्या समुद्राच्या गाळणीत बुडवून ठेवलेला, म्हणजे त्यात उपकारक जंतूंची वस्ती होते आणि माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया ते पचवतात. एरवी एवढ्याशा पाण्यात मासा स्वतःच्याच घाणीने मरावयाचा.

"एवढा खटाटोप दोन माशांसाठी?" असा प्रश्न मीही विचारला. त्याचे उत्तर अण्णांनी त्या रात्री दिले.

२०१७ साली त्यांच्याकडे नऊ मासे होते. एके दिवशी दुकानात एक देखणा निळा मासा दिसला. दुकानदार म्हणाला, "साहेब, पंधरा दिवस आमच्याकडेच आहे. ठणठणीत." अण्णांनी तो थेट मोठ्या समुद्रात सोडला. पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. चार दिवसांनी ठिपके गेले. घरात आनंदीआनंद झाला. आणखी दहा दिवसांनी सगळ्याच माशांच्या अंगावर रवा!

"कारण ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे नसते," अण्णा म्हणाले. "तो जेवून झोपायला गेलेला असतो."

तो ठिपका म्हणजे कातडीखाली शिरलेला एक सूक्ष्म परजीवी. तीन ते सात दिवस तो माशाच्या अंगावर पोसतो. मग गळून तळाशी पडतो, खडकाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. त्या कवचात एकाचे दोन, दोनाचे चार होत होत शेकडो जीव तयार होतात. हे कवच कधी आठवड्यात फुटते, कधी महिन्यानंतर, क्वचित दोन महिन्यांनीही. बाहेर पडलेल्या जिवांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. अथांग सागरात मासा सापडणे अवघड, म्हणून तिथे हा रोग माफक राहतो. पाच फुटांच्या समुद्रात पळून जायला वाट कुठली? कातडीखाली असताना किंवा कवचात असताना त्याला औषध लागत नाही. पोहत असतो तेवढ्यापुरतेच लागते. ते औषध म्हणजे तांबे. आणि तांबे मोठ्या टाकीत घालता येत नाही, कारण त्याने कोळंबी, खेकडे, शंख-गोगलगायी सगळ्यांचा निकाल लागतो आणि खडकांत मुरलेले तांबे पुढे वर्षानुवर्षे भेडसावते.

नवांपैकी सात गेले. उरली ती नारिंगी जोडी. तिला प्लॅस्टिकच्या टबात काढून औषध दिले आणि मोठा समुद्र शहात्तर दिवस माशांवाचून रिकामा ठेवला, म्हणजे कवचे फुटून बाहेर आलेले परजीवी उपासमारीने मरावेत. "शहात्तर दिवस रोज दिवा लावायचो आणि रिकाम्या पाण्याकडे बघत बसायचो," अण्णा म्हणाले. "नात तेव्हा तीन वर्षांची. ती रोज विचारायची, मासे कुठे गेले? एकदा मी गावाला गेले म्हणून सांगितले. त्याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून आता बेचाळीस दिवस."

माझ्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे पाहुण्यांच्या नवव्या दिवशी सकाळी, नातीनेच पहिल्यांदा पाहिले. सर्जनमाशाच्या डोळ्यामागे तीन पांढरे कण होते. तिने आरडाओरडा केला नाही. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, रवा." अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल? दिवाणखान्यात जाऊन त्या नारिंगी जोडीकडे एकदा पाहून आले.

औषध घरात होते, पण पाण्यातले तांबे मोजण्याची रसायने संपत आली होती. त्यासाठी आम्ही दोघे क्रॉफर्ड मार्केटला गेलो. १८६९ साली बांधलेल्या या मंडईच्या दरवाजावरची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. आज तिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. आंब्याच्या पेट्यांचा मोसम होता. सगळ्या परिसराला हापूसचा वास येत होता. तो वास ओलांडून आपण पाळीव प्राण्यांच्या दुकानांकडे वळलो की पिंजऱ्यांचा, भिजलेल्या धान्याचा आणि साचल्या पाण्याचा वास सुरू होतो. दारावर प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगलेल्या आणि प्रत्येक पिशवीत एक मासा. उन्हात त्या पिशव्या दिवाळीतल्या कंदिलांसारख्या दिसत होत्या, इतके कबूल केले पाहिजे.

अण्णांनी मला एका दुकानातली भिंत दाखवली. चाळीस-पन्नास छोट्या टाक्या एकावर एक रचलेल्या. पण पाणी सगळ्यांतून एकच फिरत होते, एकाच गाळणीतून. "समजले का? एका मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना एकच मोरी. एका घरी पडसे झाले की सगळे शिंकणार. यात त्या बिचाऱ्याचा लबाडपणाच असतो असे नाही. आज माल आला, उद्या गेला पाहिजे. भाडे, वीज, मरतुक सगळे त्यातूनच निघायचे. तो कशाला बेचाळीस दिवस थांबेल? म्हणून थांबायचे काम घेणाऱ्याने करायचे." खाऱ्या पाण्यातले हे शोभेचे मासे बहुतेक इंडोनेशिया, फिलिपाइन्सच्या प्रवाळातून पकडून आणलेले असतात. बोट, पिशवी, विमान, पुन्हा पिशवी, घाऊक व्यापारी, पुन्हा पिशवी. इतका प्रवास करून आलेला जीव आजारी नसला तरच नवल. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास तळ्या-टाक्यांतून करून दाखवली आहे. पण सगळ्याच जाती अशा घरजावई व्हायला तयार नसतात.

घरी येताच औषध सुरू झाले. अण्णांच्या औषधाची मात्रा लिटरला अर्धा मिलिग्रॅम तांबे, तीही एकदम नव्हे, दोन दिवसांत चढवत न्यायची. कमी पडली तर परजीवी हसतो, जास्त झाली तर मासा मरतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ परीक्षानळीत पाणी घेऊन रंग ताडून पाहायचा. ज्या देशात तांब्याच्या भांड्यातले पाणी पहाटे उठून पितात, त्या देशात तांब्याच्या एका थेंबासाठी एवढी घालमेल पाहून मला मौज वाटली. पण अण्णांच्या कपाळावर घाम होता. मी उत्तरपत्रिका तपासत होतो आणि ते पाणी तपासत होते. दोघांच्याही हातून अर्ध्या गुणाने कोणाचा तरी निकाल बदलणार होता.

सर्जनमासा खात होता. समुद्रशेवाळाचा कागदासारखा तुकडा काचेला चिमट्याने लावला की तो त्यावर तुटून पडायचा. फुलपाखरू मात्र तोंड लावीना. कोणी सुचवले की ताजी तिसरी उघडून शिंपल्यासकट आत ठेवा, त्याला मोह आवरत नाही. आता अण्णांच्या घरात एकादशीला कांदा शिजत नाही; तिथे तिसऱ्या आणायच्या कोणी? ते काम पाहुण्याकडे आले. मी सिटीलाइटच्या बाजारात गेलो. कोळीण मावशींनी वाटा दाखवला.

"एवढ्या नकोत. दोनच द्या," मी म्हणालो.

"दोन? काय बाहुलीच्या लग्नाला?"

"एका माशाला भरवायच्या आहेत."

मावशींनी मला नीट निरखून पाहिले. मग दोन तिसऱ्या पानात बांधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. "आमी मासा खातो नि तुमी माशाला खिलवता. जा, जगू दे त्याला," असे म्हणाल्या.

तो जगला नाही. त्याने शिंपल्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, एकदा चोच लावली आणि तो पाइपच्या आडोशाला गेला. चौदाव्या दिवशी पहाटे तो तळाशी आडवा पडला होता. नातीने त्याला चहाच्या गाळणीएवढ्या लाल पट्टीच्या जाळीत उचलले. इमारतीमागच्या सोनचाफ्याखाली खड्डा करून पुरले. मग ती आजोबांसमोर उभी राहिली आणि तिने विचारले, "त्याला एकटे ठेवले म्हणून मेला का?"

त्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. अण्णा म्हणाले, "तो आला तेव्हाच थकलेला होता. कदाचित औषधही त्याला सोसले नसेल. नक्की काय ते मला सांगता येणार नाही. पण मोठ्या टाकीत सोडला असता तर तो तिथेही मेला असता, आणि तुझ्या दोघांना बरोबर घेऊन गेला असता. आणखी एक लक्षात ठेव. तो एकटा नव्हता. तू रोज चार वेळा त्याच्याजवळ जात होतीस." नात काही बोलली नाही. त्या दिवशी तिने सर्जनमाशाला शेवाळ भरवायला मला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी मी एकटाच समुद्रावर गेलो. मराठीच्या मास्तराला दुःख झाले की तो शब्दकोशात शिरतो. आमच्या धंद्याची ती खोड आहे. क्वारंटाईन हा शब्द इटलीचा. १३७७ साली एड्रियाटिक समुद्राकाठच्या रगुसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकने, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांनी तीस दिवस बाहेर थांबावे असा नियम केला. पुढे व्हेनिसच्या बाजूला या तिसांचे चाळीस झाले, आणि तिकडच्या भाषेत चाळीस म्हणजे 'क्वारांता'. व्हेनिसने १४२३ साली रोग्यांसाठी एक आख्खे बेटच राखून ठेवले. समुद्रकाठच्या शहरांना ही युक्ती आधी सुचली यात नवल नाही. रोग तिथे जहाजातून उतरतो. मुंबईलाही १८९६ साली प्लेग प्रथम दिसला तो बंदराजवळच्या मांडवीत. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि तोच कायदा काढून २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लावावा लागला. तेव्हा 'विलगीकरण' हा दणकट शब्द आपल्या घराघरांत शिरला. त्याआधी आपल्याकडे वेगळे ठेवण्याला शब्द होते ते सुतक, सोयर, सोवळे, विटाळ असे.

माझ्या उजव्या हाताला चैत्यभूमीचा पांढरा घुमट होता. माशाची आणि माणसाची तुलना करू नये, एवढे मला कळते. पण शिवाजी पार्कला महाराजांचे नाव मिळाले त्याच १९२७ साली, २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता, हे तिथे उभे राहून न आठवणे शक्य नव्हते. आपल्या समाजाला वेगळे ठेवण्याची कला अवगत होती. इतकी की जगाने धडे घ्यावेत. उणीव दोन गोष्टींची होती. त्या वेगळेपणाला मुदत नव्हती, आणि वेगळे ठेवलेल्याच्या जवळ दिवसातून चार वेळा जाणारे कोणी नव्हते. ज्याला मुदत नाही आणि ज्यात सेवा नाही, ते रोगावरचे औषध नव्हे, तोच रोग. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घराघरांत घुसले, तेव्हा लोकांनी आपले रोगी लपवले. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या आणि त्या सेवेतच १० मार्चला त्या गेल्या. रोगी दोन्हीकडे वेगळाच ठेवायचा होता. फरक हात लावणाऱ्या हातात होता.

अठराव्या दिवशी, म्हणजे माझ्या मुंबईच्या कामाचा तो शेवटचा दिवस, मी साताऱ्याची गाडी धरली तेव्हा निळ्या पाहुण्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. पण आता त्यावर भुलणारे घरात कोणी उरले नव्हते. नातीने कॅलेंडरवर नव्याने खुणा सुरू केल्या होत्या: तीस दिवस तांब्याचे, आणि त्यापुढे साध्या पाण्यात नुसते पाहण्याचे. शाळा उघडायच्या आत मासा मोठ्या टाकीत यावा म्हणून तिने मे महिन्यात धरलेला हट्ट कुठल्या कुठे गेला होता. "घाई केली तर पुन्हा शहात्तर," असे ती मलाच समजावीत होती. पाचवीतल्या मुलीला थांबणे शिकवणारी शाळा मुंबईत अजून आहे, हे पाहून बरे वाटले.

आषाढात विद्यापीठाच्या एका बैठकीसाठी पुन्हा जाणे झाले. पाऊस आडवा लागला होता आणि पहिला समुद्र कट्ट्यापर्यंत ऐकू येत होता. मी ओल्या छत्रीसह दारात उभा राहिलो तोच नातीने हात धरून मला दिवाणखान्यात ओढले. निळा पाहुणा मोठ्या पाण्यात येऊन चार दिवस झाले होते. नारिंगी बाईसाहेबांनी पहिल्या दिवशी त्याला खडकाच्या उजव्या बाजूला फिरकू दिले नाही. तिसऱ्या दिवशी तह झाला. त्याचे नावही ठेवून झाले होते. चित्रपटातल्या त्या प्रसिद्ध निळ्या माशाचे नाव असणार, असा मी अंदाज बांधला.

"ते नाही," ती म्हणाली. "तो मुलगा आहे की मुलगी ते आपल्याला कळत नाही ना, म्हणून दोघांना चालेल असे ठेवले आहे. किरण."

वहिनींनी चहा आणला. कपडे वाळत घालायला म्हणून अण्णा मागच्या गॅलरीत गेले, तसा मीही गेलो. घडवंची रिकामी होती. लाल पट्टीची बालदी, जाळी आणि नळी धुऊन दोरीवर ओळीने टांगलेली होती. टाकी धुऊन-पुसून पालथी घातलेली होती आणि तिच्या काचेवर मिठाची एक पातळ पांढरी रेघ तेवढी राहिली होती.